यादीतले नाव आणि न्यायालयातला पुरावा

(जोगेश्वरी येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



११ जुलै २००६, मंगळवारची सायंकाळ. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांमध्ये अवघ्या अकरा मिनिटांत सात बॉम्बस्फोट झाले. माटुंगा-माहीमपासून वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली ते मीरा रोड-भाईंदरपर्यंत पहिल्या वर्गाचे डबे कागदासारखे फाटले. १८० हून अधिक प्रवाशांनी प्राण गमावले, आठशेहून अधिक जखमी झाले. दिवसभराची नोकरी आटोपून घरी परतणारी ही माणसे होती. ज्या स्थानकावर रोज गाडीची वाट पाहायची, त्याच स्थानकाचे नाव स्फोटांच्या मालिकेत वाचण्याची वेळ जोगेश्वरीकरांवर आली.

त्या वेळी प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता. हे ज्यांनी घडवले त्यांना शासन कोण करणार? या प्रश्नाचे उत्तर दोन ठिकाणी शोधावे लागते. एक ठिकाण न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेत. दुसरे इथेच, आपल्या न्यायालयात. या दोन्हींचा परस्परसंबंध नीट ध्यानात घेतला पाहिजे.

यादी म्हणजे नेमके काय?

सुरक्षा परिषदेने १९९९ साली १२६७ क्रमांकाचा ठराव संमत केला. त्यातून जी समिती निर्माण झाली, ती अल कायदा आणि तिच्याशी संबंधित व्यक्ती व संघटना यांची यादी ठेवते. यादीत नाव गेले की तीन गोष्टी प्रत्येक सदस्य राष्ट्रावर बंधनकारक होतात. संबंधिताची मालमत्ता व बँकखाती गोठवणे, त्याच्या परदेशप्रवासास मनाई करणे आणि त्याला शस्त्रे मिळू न देणे. पुष्कळांचा असा समज असतो की, यादीत नाव आले म्हणजे त्या माणसाला बेड्या पडल्याच. तसे नाही. अटक करण्याचे बंधन या यादीत नाही. तो माणूस ज्या देशात राहतो, तेथील सरकारच्या इच्छेवर ते अवलंबून राहते.

दुसरी अडचण कार्यपद्धतीची आहे. समितीत सुरक्षा परिषदेचे पंधराही सदस्य असतात आणि निर्णय एकमताने होतो. एका सदस्याने ‘तांत्रिक स्थगिती’ मागितली की प्रस्ताव थांबला. मसूद अझहरचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. ३१ डिसेंबर १९९९ रोजी कंदाहार येथे विमान-ओलिसांच्या बदल्यात भारताला त्याला सोडावे लागले. त्याची जैश-ए-महंमद ही संघटना ऑक्टोबर २००१ मध्येच यादीत गेली. संघटना दहशतवादी, पण तिचा संस्थापक मात्र यादीबाहेर, अशी विचित्र स्थिती पुढे सतरा वर्षांहून अधिक काळ टिकली, कारण चीन वारंवार आडवा येत होता. पठाणकोट झाले, पुलवामा झाले. अखेर १ मे २०१९ रोजी त्याचे नाव नोंदले गेले.

नाव बदलणारा शत्रू

मुंबईचा अनुभव याहून जुना आहे. १२ मार्च १९९३ च्या स्फोटमालिकेत २५७ जण मारले गेले. त्यातील प्रमुख सूत्रधार दाऊद इब्राहिम याला अमेरिकेने ऑक्टोबर २००३ मध्ये जागतिक दहशतवादी घोषित केले आणि पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीत त्याचे नाव आले. त्या नोंदीत कराचीचे पत्ते आहेत, पासपोर्टांचे क्रमांक आहेत. जगाने लेखी नोंदवलेला पत्ता पाकिस्तानला मात्र कधी सापडला नाही!

लष्कर-ए-तैयबाची कथा अधिक बोधप्रद आहे. अमेरिकेने डिसेंबर २००१ मध्ये तिच्यावर बंदी घातली. जानेवारी २००२ मध्ये मुशर्रफ यांनीही बंदीची घोषणा केली. तोवर हाफीज सईदने ‘जमात-उद-दावा’ या नावाची पाटी लावली होती. लाहोरजवळच्या मुरीदके येथील केंद्र चालूच राहिले. मे २००५ मध्ये लष्कर संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीत गेली, तेव्हा जमात बाहेरच होती. तिच्यावर बंधने आल्यावर ‘फलाह-ए-इन्सानियत’ ही सेवाभावी म्हणवणारी संस्था पुढे आली. २०१९ मध्ये काश्मीरसंबंधी ३७० व्या कलमाचा निर्णय झाल्यावर ‘द रेझिस्टन्स फ्रंट’ हे इंग्रजी नाव धारण केलेली संघटना उगवली. धार्मिक नाव टाळून स्थानिक प्रतिकाराचा आभास निर्माण करणे हा त्यामागचा डाव होता.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराधांची हत्या झाली. मृतांत महाराष्ट्रातील पर्यटकही होते. या फ्रंटने आधी जबाबदारी स्वीकारली आणि मग नाकारली. सुरक्षा परिषदेने हल्ल्याचा निषेध केला खरा, पण त्या निवेदनातून या संघटनेचे नाव गळाले. ते आपण गाळावयास लावले, असे पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आपल्या संसदेत अभिमानाने सांगितले. ज्याच्यावर आरोप आहे, त्याचाच पाठीराखा त्या काळात परिषदेचा सदस्य म्हणून मसुद्यावर बसला होता! पुढे भारताने ७ मे रोजी मुरीदके व बहावलपूर येथील तळांवर प्रहार केला आणि जुलैमध्ये अमेरिकेने या फ्रंटला लष्करचेच दुसरे रूप मानून विदेशी दहशतवादी संघटना घोषित केले.

चौदा दिवसांचे रहस्य

मग प्रश्न असा की, ही यादी निरुपयोगी समजायची काय? मुळीच नाही. २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला आठवावा. कुबेर ही मासेमारी नौका बळकावून दहा दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले. १६६ जण मारले गेले. त्यांनी टॅक्सीत ठेवलेला एक बॉम्ब जोगेश्वरीपासून काही मैलांवर विलेपार्ले येथे फुटला. त्यानंतर चौदाच दिवसांनी, १० डिसेंबर रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीने हाफीज सईद व झकी-उर-रहमान लखवी यांची नावे नोंदवली आणि जमात-उद-दावा हे लष्करचेच दुसरे नाव असल्याचे मान्य केले. त्याआधी चीनने जमातीची नोंद रोखली होती. त्या वेळी मात्र त्यालाही ती रोखता आली नाही.

असे का घडले? कारण पुरावा निर्विवाद होता. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर छातीवर गोळ्या झेलून अजमल कसाबला जिवंत पकडून दिले. उपग्रह दूरध्वनी होता, दिशादर्शक यंत्र होते, हल्लेखोर आणि त्यांचे पाकिस्तानातील सूत्रधार यांच्यातील संभाषणे ध्वनिमुद्रित झाली होती. पुढे त्याच खटल्यात विशेष न्यायालयाने कसाबला फाशी दिली आणि पुरेसा पुरावा नाही म्हणून दोन भारतीय आरोपींना निर्दोष सोडले. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही निर्णय कायम ठेवले. त्यामुळे भारतीय न्यायव्यवस्था सूडाने चालते, असे म्हणण्याची सोय शत्रूला उरली नाही.

आता जोगेश्वरीचा स्फोट ज्या मालिकेतला होता, त्या खटल्याकडे पाहावे. सप्टेंबर २००६ मध्ये मुंबई पोलिसांनी लष्कर, सिमी आणि आयएसआय यांच्यावर ठपका ठेवला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप ठोठावली. परंतु २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. ओळखपरेड घेणाऱ्यास तसा अधिकारच नव्हता, साक्षीदार फार उशिरा पुढे आले, कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, जप्त केलेल्या वस्तू नीट मोहोरबंद केल्या नव्हत्या, असे न्यायालयाचे निष्कर्ष होते. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल अन्य खटल्यांत आधार म्हणून वापरू नये, असे त्या न्यायालयाने सांगितले. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही.

हा निकाल ऐकून ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांना काय वाटले असेल, हे सांगण्याची गरज नाही. परंतु संतापाची दिशा अचूक असावी. स्फोट झाले, माणसे मेली, हे सत्य आहे. एकोणीस वर्षांनंतर त्यामागचा हात न्यायालयात सिद्ध झालेला नसेल, तर खरा गुन्हेगार कुठेतरी मोकळा आहे आणि सीमेपलीकडचा त्याचा पाठीराखा निश्चिंत आहे. ढिसाळ तपास ही शत्रूला दिलेली भेटच ठरते.

पैशाची नाडी

एका बाबतीत जगाची कारवाई विशेष फलदायी ठरली. दहशतवादाला होणाऱ्या अर्थपुरवठ्यावर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाने जून २०१८ मध्ये पाकिस्तानला करड्या यादीत टाकले. कर्जे आणि परकीय व्यवहार अडचणीत येऊ लागताच, ज्या हाफीज सईदला लाहोरचे न्यायालय पूर्वी सोडून देत असे, त्यालाच फेब्रुवारी २०२० मध्ये अर्थपुरवठ्याच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. जानेवारी २०२१ मध्ये लखवीला झाली. २६/११ च्या कटातील साजिद मीर मरण पावल्याचे पाकिस्तान सांगत होते. २०२२ मध्ये तोही जिवंत निघाला आणि तुरुंगात गेला! ऑक्टोबर २०२२ मध्ये पाकिस्तान करड्या यादीतून बाहेर आला. दडपण असते तोवरच हालचाल होते, हा त्यातला बोध.

भारतानेही आपल्या घरची यादी सिद्ध केली आहे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात २०१९ मध्ये सुधारणा होऊन व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करता येऊ लागले आणि सप्टेंबरमध्ये पहिली चार नावे जाहीर झाली : मसूद अझहर, हाफीज सईद, लखवी आणि दाऊद. मात्र दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या करणारा जागतिक करार व्हावा, हा भारताने १९९६ साली मांडलेला प्रस्ताव अद्याप मार्गी लागलेला नाही. एकाचा दहशतवादी तो दुसऱ्याचा स्वातंत्र्ययोद्धा, या युक्तिवादात तो अडकला आहे.

समाजाचे कर्तव्य

बंधू-भगिनींनो, सुरक्षा परिषदेत भारताचा प्रतिनिधी जे टिपण मांडतो, त्याचा पाया एखाद्या पोलीस ठाण्यात केलेल्या पंचनाम्यात असतो. तो पंचनामा करताना पंच म्हणून उभे राहण्यास सुशिक्षित माणूस कचरतो. कोर्टाची पायरी नको, म्हणून डोळ्यांनी पाहिलेले सांगत नाही. वर्षांनुवर्षे तारखा पडतात आणि साक्षीदार कंटाळतो. ही उदासीनता सोडली पाहिजे. घर भाड्याने देताना नोंद करणे, बेवारस वस्तूची खबर देणे, पाहिले तेवढेच आणि पाहिले तसेच सांगणे, ही साधी कामे आहेत. ऐकीव संशयावरून शेजाऱ्याला गुन्हेगार ठरवणे हे मात्र यात बसत नाही. त्याने तपास भरकटतो आणि समाज दुभंगतो. शत्रूला नेमके तेच हवे असते.

त्याचबरोबर शासनाकडे सातत्याने मागणी केली पाहिजे की, न्यायवैद्यक प्रयोगशाळा सक्षम करा, तपास अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्या, खटले वेळेत चालवा. तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना देशाला असा पुरावा मिळवून दिला की, जगाला तो नाकारता आला नाही. ११ जुलैच्या मृतांना तसाच भक्कम न्याय मिळवून देण्याचे ऋण अजून फिटलेले नाही. ते फेडण्यासाठी जागृत राहणे, हीच त्यांना खरी श्रद्धांजली होय.

भारत माता की जय!