नाव कोरण्याआधी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला सांगितले की, तुम्ही बेडशाला जाऊन फोटो काढून आलात, त्याबद्दल चार शब्द बोला. आम्ही काही वक्ते नाही. जे पाहिलं ते सांगतो, आणि एक गोष्ट कबूल करायची आहे, तीही सांगतो.

२५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी त्या दिवशी आपण देहूरोडला जातो आणि माघारी येतो. त्याच लोकलने पुढे कामशेतला उतरलं तर बेडशाची लेणी जवळच आहेत, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? कार्ला, भाजे सगळ्यांना माहीत. बेडसे मात्र आडबाजूला राहिलं. म्हणून मागच्या डिसेंबरात एका रविवारी आम्ही अकराजण पहाटेच्या गाडीने निघालो. दोन उपासिका, तीन शाळकरी मुलं, बाकी आम्ही. भाकरी-चटणी बरोबर, एक जुना कॅमेरा आणि बाकीचे मोबाईल.

पहाटेच का? तर लेण्याचं तोंड पूर्वेला आहे. सकाळचं कोवळं ऊन आत शिरतं, तेव्हाच फोटो चांगला येतो. सुमारे ४०० पायऱ्या चढून गेलो. आमच्यातल्या एक आजी दर पन्नास पायऱ्यांनी बसत होत्या, पण "मी खाली थांबते" असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

वर गेलं तरी चैत्यगृह पटकन दिसत नाही. समोर कातळ तसाच ठेवलेला आहे आणि त्यातून एक अरुंद वाट आत जाते. त्या वाटेने आत शिरलो आणि समोर ते उंचच उंच खांब! वर घोडे, बैल, हत्ती, आणि त्यांच्यावर बसलेले स्त्री-पुरुष. मुलं तर बोलायचीच थांबली. आत अष्टकोनी खांबांच्या दोन रांगा आणि शेवटी स्तूप. छताला पूर्वी लाकडी कमानी होत्या, त्या आता नाहीत. पूर्वी इथे रंगकामही होतं. १८६१ च्या सुमारास साफसफाई म्हणून चुना फासला गेला आणि रंग गेले. लेणं फक्त ऊन-पावसानेच झिजतं असं नाही, माणसाच्या हातानेही जातं.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे काम. पावसाळ्यात भिक्खू संघाने एका जागी राहायचं, वर्षावास करायचा, म्हणून निवासाच्या खोल्या आणि पिण्याच्या पाण्याची टाकी खोदली. खर्च कुणी केला? तिथल्या शिलालेखांत लिहिलं आहे. नाशिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक, त्याचं दान. एका टाक्यावर सामडिनिका नावाच्या महारठिनीचं दान कोरलेलं आहे. भगिनींनो, हे नाव लक्षात ठेवा. आणि गोभूती नावाचे अरण्यात राहणारे, भिक्षेवर जगणारे एक थेर होते, त्यांच्यासाठी शिष्याने स्तूप करविला, तोही तिथे आहे.

अक्षरांचा फोटो काढताना फ्लॅश मारायचा नाही, हे आम्ही तिथे शिकलो. उजेड बाजूने आला की अक्षर आपोआप उठून दिसतं. असेच एकेक भिंत बघत आम्ही विहाराच्या भागात आलो. तिथे दुसरीच अक्षरं उठून दिसू लागली. बाण मारलेले बदाम, गावांची नावं, मंडळांची नावं. मुलं मोठ्याने वाचत होती. वाचता वाचता एका मुलाने एक नाव आणि पुढे १९८७ असं वाचलं, आणि आमच्यातले एक काका मटकन खालीच बसले. ते नाव त्यांचंच होतं.

काका म्हणाले, "तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. खिळ्याने कोरलं. वाटलं, लेणं आपलंच आहे, आपलं नाव टाकलं तर बिघडलं कुठं?" आज ते इथे समोर बसले आहेत. त्यांनीच आम्हाला सांगितलं, हे स्टेजवर सांगा, झाकू नका.

तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "मग त्या नाशिकच्या माणसानं पण नाव लिहिलंच की!" आम्ही सगळे गप्प. उत्तर आजींनी दिलं. "बाळा, त्यानं आधी दिलं, मग लिहिलं. आपण काय दिलं?"

बंधूंनो, काकांनी रुमाल ओला करून ते नाव पुसायला घेतलं होतं. आम्ही थांबवलं. कोरलेलं पुसून जात नाही, घासलं तर दगड आणखी जातो. ते काम पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांचं. आणि तरुणांनो, कायदाही ऐका. संरक्षित स्मारक विद्रूप केलं तर २०१० च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. पण पोलिसाच्या भीतीने लेणी टिकणार नाहीत. आपली म्हणून सांभाळली तर टिकतील.

त्या दिवशी आमच्या हातून जेवढं झालं तेवढं केलं. प्लास्टिकच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या वेचल्या. दोन पोती भरली. पायऱ्या उतरताना एक पोतं काकांच्याच डोक्यावर होतं. कुणाला हात लावू देईनात.

फोटो विहाराच्या मागच्या भिंतीवर लावले आहेत, जाताना अवश्य पाहा. पहिला फोटो स्तूपाचा आहे. दुसरा काकांच्या नावाचा, त्यांच्याच आग्रहावरून. दरवर्षी २५ डिसेंबरनंतरच्या रविवारी त्याच जागांवर उभं राहून तेच फोटो पुन्हा काढायचे, असं आम्ही ठरवलं आहे. म्हणजे काय पडलं, काय झिजलं, कुणी नवीन काही कोरलं का, याची नोंद राहील. जागा अकराच आहेत असं नाही, ज्यांना यायचं त्यांनी समितीकडे नाव द्यावं.

नाव द्यायची ती जागा बरी, एवढंच सांगतो आणि थांबतो.

नमो बुद्धाय! जयभीम!