ग्राफिक्स कार्ड घ्यावे पारखून

श्रोतेहो, बैलबाजारात गेलेला शेतकरी शिंगांचा रंग पाहून बैल घेत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. शाळेच्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड घेतानाही हीच रीत बरी. ती कशी, ते आज सांगतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. जुन्या पुष्कळ संगणकांवर विंडोज ११ चढत नाही. मग कळंबसारख्या गावच्या शाळेने ते भंगारात द्यायचे काय? मुळीच नाही. लिनक्स ही मुक्त प्रणाली विनामूल्य मिळते, आणि तिची घडण कोणालाही पाहता येते, सुधारता येते. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला. आपल्या देशात सी-डॅकने २००७ मध्ये त्याच पायावर ‘बॉस’ प्रणाली आणली.

अडते ते पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या कार्डापाशी. कार्ड हा बैल मानला, तर त्याला हाकणारा एक प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपल्याकडच्या बोलीत म्हणा ना, धुरकरी! बैल कितीही दमदार असो, धुरकरी नसेल तर बंडी हलायची नाही. तेव्हा दुकानात किंमत विचारण्याआधी विचारावे: या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहे, की बाहेरून आणावा लागतो?

पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा, की कार्ड हवेच का? इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत चित्राची सोय आतच असते आणि तिचा ड्रायव्हर गाभ्यात असतो. पत्रलेखन, हिशेब, भूमितीची आकृती, आकाशदर्शन, चित्रफीत एवढ्यासाठी ती पुरते. मात्र ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ अक्षर असते, त्यात ही सोय नसते.

वेगळे कार्ड घ्यायचेच झाले, तर एएमडीचे सोयीचे. त्यांचा ‘एएमडी-जीपीयू’ हा खुला ड्रायव्हर २०१५ पासून गाभ्यात आहे. एनव्हिडियाचे कार्ड बळकट खरे, आणि कूडा लागणारे काम असेल तर तेच घ्यावे लागते. पण त्याचा पूर्ण क्षमतेचा ड्रायव्हर कंपनीचा, बाहेरून चढवायचा. गाभा बदलला की तोही नव्याने जुळवावा लागतो. शिवाय कंपनी जुन्या कार्डांचा आधार काढून घेते. जीटी ७१० सारख्या केप्लर पिढीच्या कार्डांचा ४७० मालिकेचा आधार २०२४ मध्ये संपला. ‘नूवो’ हा खुला ड्रायव्हर आहे. पण जीटी १०३० च्या पिढीवर तो कार्डाचा वेग वाढवू शकत नाही, कारण त्याची किल्ली कंपनीच्या सहीच्या फर्मवेअरमध्ये अडकलेली आहे. २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा गाभ्यात बसणारा भाग खुला केला, तो ट्युरिंग आणि पुढच्या पिढ्यांसाठी. म्हणून स्वस्तात मिळते म्हणून जुने एनव्हिडिया कार्ड उचलू नका.

आता जू बसते का ते पहा. खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक खाणाऱ्या कार्डाला वेगळी तार लागते, आणि ती जुन्या संगणकाच्या वीजपेटीत बहुधा नसते. पेटी अरुंद असेल तर कमी उंचीचेच कार्ड मागा.

शेवटी चालवून पहा. लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन जा. डिस्कला हात न लावता ते त्यावरूनच चालते. शक्य असेल तर शाळेचा संगणकच दुकानात न्या. कार्ड बसवून एक चित्रफीत लावा आणि प्रणालीच्या माहितीत ग्राफिक्सपुढे काय लिहिले आहे ते वाचा. तेथे कार्डाचे नाव आले तर उत्तम. ‘एलएलव्हीएमपाइप’ असे आले, तर कार्ड बसून आहे आणि त्याचे काम प्रोसेसर रेटतो आहे, असे समजा. एनव्हिडियाचे कार्ड असेल, तर ही परीक्षा कंपनीचा ड्रायव्हर चढवूनच करावी.

गुरुजनहो, शाळेचा पैसा हा पुष्कळदा लोकवर्गणीचा असतो. न चालणारे कार्ड बदलायला यवतमाळची नाहीतर नागपूरची खेप पडते, आणि तोवर मुले काळ्या पडद्यापुढे बसतात. तेव्हा आधी गरज पहा, मग धुरकरी, मग जू; आणि चालवून पाहिल्यावाचून पैसे मोजू नका.