वाचनाचे गुण आणि विषयाची निवड



कॉलेजात येणाऱ्या मुलांची वाचनचाचणी घ्यावी आणि तिच्या गुणांवरून त्यांना विषय सुचवावेत, हा विचार आज तपासावयाचा आहे. आम्ही कॉलेजात शिकलो नाही. आमचे वाचन पाळी सुटल्यावर झाले. पण मापाचे तंटे आमच्या नित्याचे. कारखान्यात कामाचे माप घेणारा आला की आम्ही आधी विचारतो, हे माप कशासाठी?

चाचणी हवी, यात शंका नाही. २०२३ साली ‘असर’ने २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी केली. त्यांतील सुमारे २५ टक्क्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर स्वभाषेतही सफाईने वाचता आला नाही. बारावीचे गुणपत्रक हे सांगत नाही. आपल्याकडे २०१६ पासून काही वर्षे दहावीची कल चाचणी झाली. ती मुख्यतः आवड विचारी. मेजर-मायनर विषय तर मुलाला आताच निवडावे लागतात, आणि घरी सांगणारे कोणी नसते.

पण गुणांचा अर्थ कोण लावणार? समजा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालाची मुलगी मराठी शाळेतून विज्ञानाला आली. इंग्रजी उताऱ्यावर तिला ३० गुण पडले, तसल्याच मराठी उताऱ्यावर ८०. मग उणे काय आहे, बुद्धी की इंग्रजीचा सराव? नुसते ३० पाहून ‘विज्ञान सोड’ म्हणणे हा अन्याय आहे. म्हणून उतारे दोन्ही भाषांत असावेत, आणि वाचण्याचा वेग व समज वेगळी मोजावी.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील दोन वर्षांच्या कॉलेजांत प्रवेशचाचणीवरून मुलांना पूर्वतयारीच्या वर्गात बसवीत. पुष्कळ मुले तेथेच अडकत, मूळ अभ्यासक्रमापर्यंत पोचतच नसत. अखेर २०१७ साली कायदा करून शाळेतील कामगिरी विचारात घेणे भाग पाडले.

आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. पैसा नाही म्हणून मुलाला परत पाठवावयाचे नाही, त्याला काम द्यावयाचे, हा ‘कमवा आणि शिका’चा न्याय. तोच वाचनाला लावा. वाचन कच्चे म्हणून विषय काढून घेऊ नका. विषयाच्या जोडीला वाचनाचा तास द्या.

सातारा-सांगलीच्या कॉलेजांकडे आमचे मागणे थोडके आहे. चाचणी पहिल्याच महिन्यात घ्यावी. गुण मुलाच्या हाती द्यावेत, फलकावर लावू नयेत. सत्रभर आठवड्याला दोन तास वाचन शिकवून पुन्हा तपासावे, मगच सल्ला द्यावा. निवड मात्र मुलाचीच राहावी. आपण पालकांनी आणि नागरिकांनी हे कॉलेजांकडे जाऊन मागावे, एवढे विनवून आम्ही आपली रजा घेतो.