करंट चालू असताना रुग्ण काय करत असतो?



 

बेंगळुरूच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून स्नायूंच्या विद्युत-उत्तेजनातल्या संशोधनाचा आढावा घ्या, असं मला सांगण्यात आलं. १९६१ मध्ये अमेरिकेत लिबरसन यांनी अर्धांगवायूच्या रुग्णाच्या बुटात, टाचेखाली एक स्विच बसवला. टाच उचलली की करंट सुरू, लोंबणारं पाऊल वर. टाच टेकली की बंद. पुढे हाताच्या स्नायूंसाठी शरीरात बसवायचं ‘फ्रीहँड’ आलं. १९९७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि काही वर्षांतच ते बाजारातून गेलं. २०१६ मध्ये झुरिकजवळच्या ‘सायबॅथलॉन’ या दिव्यांगांच्या स्पर्धेत पाय लुळे पडलेल्या माणसांनी करंटच्या बळावर सायकलची शर्यत केली. आता त्वचेवरून मज्जारज्जूला उत्तेजन देणारी उपकरणं आली आहेत.

आढावा इथेच थांबवतो. कित्येक वर्षं मनात असलेलं आज बोलणार आहे.

आपल्या विभागांत काय चालतं? रुग्णाला खाटेवर निजवायचं, पॅड चिकटवायचे, टायमर लावायचा आणि पुढच्या खाटेकडे जायचं. मनगट आपोआप उडत राहतं, रुग्ण दुसऱ्या हातात मोबाइल धरून पडलेला. घंटा वाजते, ‘करंट झाला’ म्हणून तो घरी जातो. याला आपण उपचार म्हणतो, त्याचं बिल करतो. लिबरसन यांच्या यंत्रात करंट चालण्याच्या सेवेला होता. आपण त्यांची पेटी ठेवली आणि टाचेखालचा स्विच फेकून दिला.

माणूस स्वतः हालचाल करतो तेव्हा आधी छोटे, लवकर न थकणारे तंतू कामाला लागतात. करंट हा क्रम पाळत नाही. पॅडच्या टप्प्यातले तेच ते तंतू पुन्हापुन्हा जुंपतो, म्हणून स्नायू लवकर दमतो. शिवाय त्या हालचालीत रुग्णाची इच्छा नसेल, तर मेंदूने शिकायचं तरी काय? नसच तुटलेली असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे इच्छा स्नायूपर्यंत पोचतच नाही. पण पक्षाघाताच्या रुग्णाला ही सबब लागू नाही.

सकाळच्या सत्रात करंटची वारंवारता ३० हर्ट्‌झ हवी की ५०, यावर तासभर वाद झाला. माझ्याकडे खानापूर तालुक्यातले एक गवंडी आले होते. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेला. दुसरीकडे बरेच दिवस करंट घेऊनही बोटं उघडत नव्हती. मी वारंवारता तीच ठेवली. बटण मात्र त्यांच्या डाव्या हातात दिलं आणि उजव्यात थापी. म्हटलं, “काका, आधी तुम्ही बोटं उघडायला बघा, मग दाबा.” त्यांनी पुन्हा भिंत बांधली, असं मी म्हणणार नाही. पण भाकरी मोडताना उजवा हात मदतीला येऊ लागला. माझ्यापुरता तो वाद तिथेच मिटला. वारंवारतेने स्नायूचा थकवा आणि रुग्णाची सोय बदलते. हात शिकतो तो काम करून.

कोणी म्हणेल, ही एका रुग्णाची गोष्ट झाली. मग अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा २०१६ चा अभ्यास पाहा. पक्षाघाताचे ८० रुग्ण घेतले होते. काहींच्या चांगल्या हातात मोजा होता. तो हात जितका उघडेल तितका करंट दुसऱ्या हाताला. ठरलेल्या वेळापत्रकाने येणाऱ्या करंटपेक्षा या पद्धतीने हाताचं कसब जास्त सुधारलं. त्याच वर्षी तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात रुग्णाच्या स्नायूच्या संकेतावर सुरू होणारा करंट सरस ठरला नाही, असं आज मला ऐकवलं गेलं. बरोबर आहे! तिथे प्रयत्न फक्त सुरुवातीपुरता लागतो, पुढचं सगळं यंत्र करतं. इच्छा हालचाल संपेपर्यंत टिकली पाहिजे.

१९५२ च्या मुंबईतल्या पोलिओच्या साथीनंतर आपला फिजिओथेरपीचा व्यवसाय या देशात उभा राहिला, तो रुग्णाजवळ बसणाऱ्या माणसांच्या जोरावर. ते बसणं हरवत चाललंय, याचं मला दुःख आहे. बेळगावचा रुग्ण रात्रभर प्रवास करून इथल्या निम्हान्स रुग्णालयात येतो. परत गेल्यावर त्याच्याजवळ कोण बसतं?

म्हणून दोन कामं सुचवतो. या शहरात उपकरणं घडवणारे हुशार तरुण आहेत. साध्या, स्वस्त स्टिम्युलेटरला टाचेचा आणि हाताचा स्विच जोडून द्या, असं त्यांना सांगू. दुसरं, मराठी आणि कन्नडमध्ये एकच नोंदपत्रक करू. पैसे कुठून आणायचे, त्यासाठीच्या समितीत कोण, हे नंतर ठरवता येईल. पण त्या पत्रकात पहिला रकाना हवा: करंट चालू असताना रुग्ण काय करत होता?

पुढच्या वर्षीच्या परिषदेला निबंध पाठवाल, तेव्हा तीव्रता लिहा, वारंवारता लिहा. या प्रश्नाचं उत्तर ज्यात नसेल, त्या निबंधाला मी विरोध करीन. अध्यक्ष असलो तरी आणि नसलो तरी.