जुने विजेते आणि आजचे ग्रँडमास्टर



युनियनच्या माणसाने बुद्धिबळावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु मजुरीचा करार करताना आम्हांला एक प्रश्न नेहमी सोडवावा लागतो. जुन्या यंत्रावर राबणारा आणि नव्या यंत्रावर बसणारा, या दोघांचे काम मोजावे कसे? नव्याचा माल जास्त निघतो, म्हणून जुना काही कामचुकार ठरत नाही. जुने विजेते मोठे की आजचे ग्रँडमास्टर मोठे, हा वादही याच जातीचा आहे.

प्रथम आजच्यांचे माप पुरते त्यांच्या पदरात घालू. 1955 साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तीत आपले रा. भ. सप्रे आणि डी. व्यंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. त्या वेळी देशात एकही ग्रँडमास्टर नव्हता. पहिला मान 1988 साली विश्वनाथन आनंद यांना मिळाला. मुंबईचे प्रवीण ठिपसे 1997 साली ग्रँडमास्टर झाले. आणि 2025 च्या जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख ही देशाची 88 वी ग्रँडमास्टर झाली. खेळाची पातळी वाढली आहे, हे उघड आहे. कालचा विजेता आज जसाच्या तसा पटावर आणून बसवला, तर तो बहुधा हरेल. हे मान्य करण्यात जुन्यांचा अपमान नाही.

कारण हत्यार बदलले. पूर्वी डाव वेळेत संपला नाही, तर पुढची चाल पाकिटात बंद करून तो तहकूब होई, आणि खेळाडू रात्र रात्र जागून त्या स्थितीचा विचार करी. 1997 साली यंत्राने कास्पारोव्हला हरविले. आज त्याहून बलवान यंत्र खिशातल्या फोनमध्ये आहे. रात्रभराचे ते काम क्षणात होते.

पेणच्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. साचा चांगला असला की मूर्ती झटपट उभी राहते. पण डोळ्यांची आखणी शेवटी हातानेच करावी लागते. पहिल्या पंधरावीस चाली यंत्राने शिकविल्या, तरी पुढे घड्याळ धावू लागले म्हणजे माणूस एकटाच असतो. तिथे सप्रे काय आणि दिव्या काय, दोघांची कसोटी एकच.

आता जुन्यांची स्थिती पाहा. पंजाबचा मीर सुलतान खान आपल्या देशी नियमांवर वाढला. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. युरोपचे नियम त्याला मागाहून शिकावे लागले. तरी 1929, 1932 आणि 1933 साली तो ब्रिटनचा विजेता झाला, आणि हेस्टिंग्जला त्याने कॅपाब्लांकालाही हरविले. 1935 साली आपले व्ही. के. खाडिलकर त्याच्याशी दहा डाव खेळले. त्यांना एक बरोबरी मिळाली, बाकीचे नऊ डाव त्याने जिंकले. एवढा हा खेळाडू सर उमर हयात खान यांच्या पदरी होता. धनी 1933 साली मायदेशी परतले, आणि सुलतान खानाचा युरोपातला खेळ तिथेच संपला. त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी मिळाली ती 2024 साली, मरणानंतर अठ्ठावन्न वर्षांनी! बुद्धी त्याची होती. पण ती खेळवायची की नाही, हे ठरविणारा दुसरा होता.

म्हणून मी 'कोण कोणाला हरवील?' असे विचारीत नाही. मागून येणाऱ्यांसाठी कोणी काय मिळवून ठेवले, असे विचारतो.

मुंबईच्या खाडिलकर भगिनी घ्या. 1974 साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली. जयश्री आणि रोहिणी यांनीही पुढे ते पद मिळविले. रोहिणीने तर पाच वेळा. 1976 साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की स्त्री आहे म्हणून कोणाला स्पर्धेबाहेर ठेवता येणार नाही. 1981 साली हीच रोहिणी आशियाची विजेती झाली.

बातुमीला अंतिम सामन्यात कोनेरू हंपीला हरवून दिव्याने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आता मुलीने पटावर बसावे की नाही, असे कोणी विचारीत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 साली गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली; आज ती उपभोगताना किती जणांना लोखंडे आठवतात? मिळालेला हक्क जुना झाला, की तो निसर्गानेच दिला असे वाटू लागते.

तेव्हा आपल्याला करण्यासारखे काय आहे? धाटावच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याच्या मुलाला शिकवणारे यंत्र आज फोनमध्ये मिळते. पण समोर बसणारा जोडीदार, संध्याकाळी उघडी असलेली खोली आणि स्पर्धेला जाण्याचे गाडीभाडे, हे फोन देत नाही. ते गावाने द्यावयाचे असते. पेणमध्ये एक आणि रोह्यात एक, अशा दोन खोल्या, दहा पट आणि भाड्यासाठी वर्गणीची एक पेटी, एवढ्याने आरंभ होईल. सुलतान खानाला धनी लागला. आपल्या मुलाला धनी लागू नये, गाव पुरे व्हावे, एवढीच माझी मागणी आहे.