पूरक औषधे आणि स्त्री-आरोग्य



पाळी लांबणे, चेहऱ्यावर केस वाढणे, वजन न उतरणे यांचा दोष अनेक घरांत मुलीच्याच माथी मारला जातो. वस्तुतः यामागे बहुधा पीसीओएस हा विकार असतो. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १५ ते २४ वयोगटातील २२.५ टक्के मुलींत तो रॉटरडॅम निकषांनुसार आढळला. त्यात इन्सुलिनचे कार्य मंदावते आणि पुढे मधुमेहाचा धोका वाढतो.

यावर इनोसिटॉलची पूड सर्रास घेतली जाते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार तिचा अपाय अल्प, परंतु लाभाचा पुरावाही मर्यादितच आहे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व घटू शकते. शाकाहारात त्याचा आधार मुख्यतः दूध-दही हाच. म्हणून शाकाहारी भगिनींनी रक्ततपासणी अवश्य करावी. उणीव आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक औषध घ्यावे आणि जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी साधी गोळी मागावी.

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी आणि रोजचे चालणे यांची जागा कोणतीही पूड घेऊ शकत नाही. तत्पूर्वी लेकीला आपला त्रास निःसंकोच सांगता यावा. उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.