घडणीचें मोल

‘डिझाइन’ हा शब्द ऐकतांच आपल्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें लुगड्याचा कांठ, भिंतीवरची वेलबुट्टी किंवा एखाद्या बाटलीवरची रंगीत चिठ्ठी उभी राहते. वस्तु आधीं तयार व्हावयाची आणि मग तिला सजवावयाचें, अशी कांहींशी आपली समजूत असते. ही समजूत चुकीची तर आहेच, पण ती महागांत पडणारीहि आहे. म्हणून वस्तूची घडण म्हणजे काय, आणि तिच्यामागील कल्पकतेवर आजच्या जगांत लोकांची मिळकत कशी अवलंबून असते, याचा थोडा विचार आपण करूं.

आपला नित्याचा तांब्याच घ्या. १९५८ सालीं भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स हें अमेरिकन दांपत्य आपल्या देशांत हिंडलें, आणि येथील उद्योगधंद्यांत घडणीचें शिक्षण कसें द्यावें याविषयीं त्यांनीं एक अहवाल सादर केला. येथें पाहिलेल्या सर्व वस्तूंत त्यांच्या मनांत भरला तो साधा लोटा. त्यांत पाणी किती मावावें, तो हातांत धरावयाचा कीं कमरेवर घ्यावयाचा, भरलेला असतां व रिकामा असतां त्याचा तोल कसा राहावा, पाण्याची धार कशी पडावी, आंतून तो घासतां यावा म्हणून गळा किती रुंद असावा, मोडींत त्याचे किती पैसे यावे, अशा शेंकडों प्रश्नांचें उत्तर त्या एका आकारांत सामावलेलें आहे. या उत्तराखालीं कोणा एकाची सही नाहीं. अनेक पिढ्यांच्या तांबटांनीं आणि पाणी भरणाऱ्या बायकांनीं मिळून तें शोधिलें आहे.

परंतु पूर्वी पिढ्यान् पिढ्या वाट पाहावयास सवड होती. आतां ती राहिली नाहीं. नवे धातु, नवीं रसायनें, नवीं यंत्रें दर चार-दोन वर्षांनीं येतात आणि जुनीं बाद होतात. जें काम काळ आपोआप करीत असे तें आतां शिकलेल्या माणसांनीं जाणूनबुजून करावयास पाहिजे. १९६१ सालीं अहमदाबादेस घडणशास्त्राची राष्ट्रीय संस्था निघाली, ती याच गरजेंतून.

आतां पैशाची बाजू पाहूं. खिशांत ठेवून गाणीं ऐकण्याचें ‘आयपॉड’ नांवाचें एक यंत्र कांहीं वर्षांपूर्वी जगभर खपत असे. त्याच्या पाठीवर कोरलेलें असे कीं, आराखडा कॅलिफोर्नियांतला आणि जुळणी चीनमधली. या दोन कामांचा मोबदला किती, याचा हिशेब अमेरिकेंतील संशोधकांनीं २००७ सालीं मांडला. २९९ डॉलरांस विकल्या जाणाऱ्या एका नगापैकीं सुमारें ८० डॉलर त्याची कल्पना करणाऱ्या ॲपल कंपनीच्या पदरांत पडत. आणि तो जुळवून, तपासून पेटींत घालणाऱ्या कारखान्यास चार डॉलरांच्या आसपास मिळत. बाकीची रक्कम सुटे भाग करणारे आणि दुकानदार यांच्यांत वांटली जाई. कारखान्यांतील मजूर आळशी होते असें कोणी म्हणणार नाहीं. त्यांच्या जागीं दुसरा कारखाना उभा करतां येत होता. पण त्या कल्पनेच्या जागीं दुसरी कल्पना सहजासहजीं मिळत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्याच्या आराखड्याबरहुकूम माल करणारा देश राबतो पुष्कळ, पण त्याच्या वांट्यास त्या मानानें येतें थोडें.

यावर कोणी म्हणेल कीं, हे श्रीमंतांचे चोंचले आहेत; ज्या देशांत गरजेच्या वस्तूंचीच टंचाई, तेथें घडणीचा विचार कशास? या आक्षेपाचें उत्तर जयपुरानें दिलें आहे. परदेशी बनावटीचा कृत्रिम पाय हा बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठीं कल्पिलेला होता. आपला शेतकरी अनवाणी चालतो, चिखलांत उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो. तो पाय त्याला मिळाला, तरी त्याच्या आयुष्यांत तो बसत नसे. १९६८ च्या सुमारास सवाई मानसिंग रुग्णालयांतील डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि फारसें शालेय शिक्षण न झालेले कुशल कारागीर रामचंद्र शर्मा या दोघांनीं मिळून रबराचा पाय सिद्ध केला. त्याचा आकार खऱ्या पावलासारखा. त्याला बूट लागत नाहीं, पाण्याचें भय नाहीं, आणि तो वांकतोहि. शिवाय तो स्वस्त. एकानें शरीरशास्त्र आणलें, दुसऱ्यानें हातांतील कसब आणलें. आणि दोघांनींहि विचारलें कीं, हा मनुष्य घरीं गेल्यावर कसा बसेल. घडणीचा खरा प्रश्न हाच. तो विचारावयास खर्च येत नाहीं. पण तो न विचारल्यास गरिबाचाच पैसा वायां जातो, कारण निरुपयोगी वस्तु टाकून दुसरी घेण्याची ऐपत त्याला नसते. तथापि या कामाबद्दल १९८१ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें तें डॉक्टरांना. रामचंद्रांचें नांव आजहि थोड्यांनाच ठाऊक आहे. हात आणि डोकें यांची जात वेगळी मानण्याची आपली खोड येथेंहि सुटली नाहीं.

महाराष्ट्रांत तरी ती सुटावयास हवी होती. कारण आपल्या कारखानदारीचा एक मोठा अध्याय चित्रकलेच्या वर्गांत सुरू झाला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ सालीं मुंबईस जे. जे. कलाशाळेंत गेले ते चित्रकार होण्यासाठीं. कांहीं रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना ओळखतां येत नाहीं असें कळल्यावर त्यांनीं रंगकाम सोडलें, पण रेषा सोडली नाहीं. यंत्रांचे आराखडे काढण्यांत त्यांनीं हात बसविला आणि पुढें व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते तोच विषय शिकवूं लागले. १९०३ सालीं त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन विषारी होते असें शेतकरी समजत. त्यामुळें पहिले कांहीं नांगर खपण्यासच दोन वर्षें लागलीं. परंतु १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, ती त्याच नांगराच्या बळावर. कागदावरची रेषा ही करमणूक नसून भांडवल आहे, याला याहून घरचा दाखला कोणता द्यावा?

आणि तरीहि आपण काय करतों? शाळेंत परीक्षा जवळ आली कीं पहिली गदा चित्रकलेच्या तासावर येते. घड्याळ खोलून बसणाऱ्या मुलाला आपण ‘अभ्यास सोडून उद्योग करतो’ म्हणून रागावतों. उद्योग हा शब्द आपल्या घरांतून निंदेच्या अर्थानें वापरला जावा, यांत आपल्या दारिद्र्याचें एक कारण दडलें आहे. मोडतोड करणारें प्रत्येक मूल संशोधक होत नाहीं हें खरें. पण कधींच कांहीं खोलून न पाहिलेलें मूल दुसऱ्याच्या आराखड्यावर काम करण्यापलीकडे क्वचितच जातें.

म्हणून, श्रोतेहो, कल्पकता ही देवाघरची देणगी आहे असें म्हणून हात जोडून स्वस्थ बसणें बरें नव्हे. ती संवयीनें वाढते. चिमटा हातांतून कां निसटतो, जिन्याची पायरी कोठें चुकली, म्हाताऱ्या माणसाला डबीचें झांकण कां उघडत नाहीं, असे प्रश्न घरांत मोकळेपणानें निघूं द्या, आणि त्यांचें उत्तर मुलांना आपल्या हातानें करून पाहूं द्या. सुताराला, लोहाराला काम सांगतांना त्याचेंहि मत विचारा. राष्ट्राची मिळकत खाणींतून व गिरण्यांतून निघते हें आपण लहानपणापासून पाठ केलें आहे. ती पाटीपेन्सिलींतून व हातोडीछिन्नींतूनहि निघते, हें आपल्या मुलांना घरींच शिकूं द्या.